ह्यांच्या डब्यातली गोळी

माणूस गेला की पहिलं वर्षभर घराभोवती घुटमळतो म्हणतात. दिनानाथ फणशांचं सगळंच उलटं. पहिल्या वर्षात त्यांचा घरात मागमूस नव्हता. दहाव्याला पिंड ठेवला तर कावळा टपलेलाच होता, हात मागे घ्यायचीही उसंत दिली नाही मेल्यानं. "काही इच्छा उरली नव्हती हो, सुटले," असं गुरुजी म्हणाले आणि सगळ्यांनी माना डोलावल्या. मग वर्षश्राद्ध झालं, फोटो पाटावरून भिंतीवर गेला, सगळं कसं मार्गी लागलं, आणि तेव्हा कुठे दिनानाथ यायला लागले.

रोज नाही यायचे. फक्त संकष्टीला, दिवेलागणीच्या सुमारास.

अंबरनाथला, शिवमंदिराकडे जाणाऱ्या रस्त्याला आत एक बैठं घर होतं फणशांचं. दोन खोल्या, पुढे ओटा, ओट्यावर अनंताचं झाड. दिनानाथ काडेपेटीच्या कारखान्यात स्टोअरचे साहेब होते. उभा जन्म तिथे गेला, त्यामुळे त्यांच्या शर्टांना, केसांना, उशीच्या अभ्र्यालासुद्धा गंधकाचा एक बारीक वास असायचा. लग्न होऊन आल्या तेव्हा वृंदाबाईंना त्या वासानं मळमळायचं. पुढे सवय झाली. आणि ते गेल्यावर कपाट उघडून त्या शर्टांत तोंड खुपसून उभ्या राहायच्या. बाईमाणसाचं हे असंच असतं, नको तेव्हा भरपूर असतं आणि हवं तेव्हा वास उडून गेलेला असतो.

पहिल्यांदा आले तेव्हा आधी तो वासच आला. १९९४ साल होतं, थंडी सरत आली होती. वृंदाबाई देवापुढे दिवा लावायला उठल्या होत्या. दिवसभर पोटात काही नव्हतं, चंद्रोदयाला अजून बराच अवकाश होता. हाताला बारीक कंप सुटला, काडी पेटेना. मानेवरून घामाचा ओघळ गेला. आणि पेटलेल्या काडीचा नव्हे, कारखान्याचा वास आला. वळून बघतात तर वेताच्या खुर्चीत दिनानाथ. पांढरा शर्ट, कॉलरला घामाची ओल, हात खुर्चीच्या दांडीवर.

"वृंदा," ते म्हणाले, "चहा टाक ना. गोड."

वृंदाबाईंना भीती वाटली नाही. खरं सांगायचं तर इतका आनंद झाला, इतका, की रडू फुटलं. उठून चहा टाकावा म्हणून पाऊल उचललं, पण पायात बळच नाही. भिंत धरली, घर फिरलं, आणि मग काय झालं ते आठवेना. शुद्धीवर आल्या तेव्हा देवापुढचा नैवेद्याचा गूळ-खोबऱ्याचा खडा अर्धा त्यांच्या मुठीत होता आणि अर्धा तोंडात. देवाला दाखवायच्या आधीच! जन्मात असं उष्टं केलं नव्हतं. खुर्ची रिकामी होती. त्यांनी नाक मुरडलं नाही की राम राम म्हटलं नाही. खुर्चीवरून हात फिरवला आणि म्हणाल्या, "थांबायचं की हो जरा."

आता चहाचं काय ते सांगायला हवं, नाहीतर गोष्ट पुढे जायची नाही.

दिनानाथांना मधुमेह होता. साधा, उतारवयातला. कारखान्याच्या दवाखान्यातून गोळ्या मिळायच्या, त्या एका गोल बिस्किटाच्या डब्यात राहायच्या. रोज सकाळी वृंदाबाई डबा उघडायच्या, एक गोळी तळहातावर घ्यायच्या, दुसऱ्या हातात पाण्याचं भांडं, आणि म्हणायच्या, "अहो, गोळी." ते वर्तमानपत्रातून डोकं न काढता त्यांच्याच तळहातावरून गोळी उचलायचे. घरात साखरेचा डबा फडताळात अगदी वर गेला होता. वृंदाबाई पथ्याच्या बाबतीत पोलीस. लग्नकार्यात नवऱ्याच्या पानातली जिलबी सगळ्यांदेखत उचलून घ्यायच्या. लोक हसायचे. हसेनात का, नवरा त्यांचा होता.

एक चहाचा तेवढा रिवाज होता, तोही बिनसाखरेच्या. दिनानाथ कप घ्यायचे, पहिली बशी ओतायचे आणि ती वृंदाबाईंपुढे सरकवायचे. "आधी बशी तुझी." लग्नाच्या दुसऱ्या दिवशी सासूबाई बघत असताना हे केलं होतं त्यांनी, आणि ती खोड शेवटपर्यंत गेली नाही.

मीनलचं, म्हणजे त्यांच्या एकुलत्या एक लेकीचं, लग्न जमेना तेव्हा वृंदाबाईंनी संकष्टी धरली. दिनानाथ काही देवभोळे नव्हते. पण बायको दिवसभर उपाशी आणि आपण मटामट जेवायचं, हे त्यांना पटेना. "मीपण धरतो," म्हणाले. झालं! वृंदाबाई हरखल्या. पण मग पंचाईत अशी, की मधुमेहाच्या माणसानं उपासाला खायचं काय? साबुदाणा म्हणजे साखर वाढणार. बटाटा नको, रताळं नको, केळं तर नकोच. खजुराकडे बघायचंसुद्धा नाही. उपासाचं सगळंच असं गोडाधोडाचं आणि पिठूळ, म्हणून वृंदाबाईंनी विचार करकरून त्यांना काहीच द्यायचं नाही असं ठरवलं. कोरा चहा आणि पाणी. गोळी मात्र सकाळची सकाळी, चुकवायची नाही, कारण गोळी चुकवणं म्हणजे हलगर्जीपणा. आधी पोटोबा मग विठोबा म्हणून ठेवलंय आपल्याकडे, पण भक्तीच्या भरात असल्या म्हणी कोणाला आठवतात?

माघातल्या संकष्टीला, संध्याकाळी, दिनानाथ खुर्चीत बसले होते. थंडीचे दिवस, आणि त्यांचा शर्ट पाठीला चिकटलेला.

"वृंदा, चहा टाक ना. गोड."

"गोड? आज काय लहर आली? विष आहे ते तुम्हाला."

"टाक गं. कसंतरी होतंय."

"उपासानं होतंय. थोडा धीर धरा. चंद्र उगवला की पान वाढते."

आणि तो गरीब माणूस, ज्यानं कधी आवाज चढवला नव्हता, तो एकदम ओरडला, "एक कप चहा मागतोय, इस्टेट नाही मागत!" दांडीवरचे हात थरथरत होते. वृंदाबाई रुसल्या. साहजिकच आहे. परडी उचलली आणि मंदिरामागे दुर्वा खुडायला गेल्या. मुद्दाम सावकाश खुडल्या. परत आल्या तेव्हा दिनानाथांची मान कलली होती. गल्लीतल्या डॉक्टरांनी नाडी बघितली, म्हणाले हार्ट. त्या वयाचा माणूस असा बसल्या बसल्या गेला की हार्टच असतं, दुसरं काही शोधायला कोण बसतंय.

त्या चहाचं वृंदाबाईंनी कुणाला सांगितलं नाही. मीनललासुद्धा नाही. पुढे मीनलचं लग्न जमलं, ती बदलापूरला नव्या बिल्डिंगमध्ये गेली, उल्हासनगरच्या कॅम्प तीनमधल्या बँकेत नोकरीला जायची. सगळं व्हायचं ते झालं. माणूस जाताना एक कप चहा मागत होता आणि आपण नाही म्हटलं, हे मात्र गळ्यात काटा अडकावा तसं अडकून बसलं.

त्याच वर्षात वृंदाबाईंनाही मधुमेह निघाला. पायाची जखम भरेना म्हणून मीनलनं त्यांना आपल्या बँकेजवळच्या डॉक्टर हासानंदांकडे नेलं. वरच्या मजल्यावर दवाखाना, खाली जीन्स शिवणाऱ्या मशिनींची घरघर. म्हातारा सिंधी माणूस, मराठी बोलायला गेला की अर्ध्यात हिंदीवर उतरायचा. आधी त्यांनी एक गोळी दिली. साखर उतरेना, तशी नवीन आलेली जोडगोळी दिली.

"ये एक गोळी आहे, अम्मा, पण आत दोन दवा आहेत. सकाळी नाश्त्याबरोबर, खाली पेट नाही. और कोई गोळी चालू है?"

"नाही," वृंदाबाई म्हणाल्या.

आणि तेव्हा खरंच नव्हती. पण वर्षश्राद्धाच्या आदल्या दिवशी मीनल घर आवरत होती आणि तिनं तो गोल डबा कचऱ्यात टाकायला काढला. आत पट्ट्याच पट्ट्या, दवाखान्यातून आणलेल्या, तारीख न उलटलेल्या. वृंदाबाईंनी तो तिच्या हातातून हिसकावून घेतला. दुसऱ्या दिवशी सकाळी आपली गोळी काढली आणि हात आपला आपण डब्याकडे गेला. इतक्या वर्षांचा हात तो! तळहातावर ह्यांची गोळी, दुसऱ्या हातात भांडं. "अहो, गोळी," तोंडातून निघूनही गेलं. घेणारं कुणी नाही. आता ती परत पट्टीत कशी घालणार? आणि औषध फेकणं म्हणजे... वृंदाबाईंनी ती तोंडात टाकली. बरं वाटलं. दोघांनी बरोबर औषध घेतल्यासारखं वाटलं.

तेव्हापासून रोज. पुढच्या खेपेला डॉक्टरांनी पुन्हा विचारलं, दुसरी काही गोळी? वृंदाबाई पुन्हा नाही म्हणाल्या, आणि त्यात त्यांना काही खोटं वाटलं नाही. ती गोळी त्यांची नव्हतीच. ह्यांची होती.

एरवी निभावत होतं. जेवायच्या आधी जरा हात कापायचे, घाम यायचा, जेवलं की थांबायचं. पण संकष्टीला दोन्ही गोळ्या पोटात आणि पोट रिकामं, चंद्र उगवेपर्यंत. आणि मग दिनानाथ यायचे. वृंदाबाई संकष्टीची वाट पाहायला लागल्या. त्या दिवशी जरा बरं लुगडं नेसायच्या, कपाळाला हात न्यायच्या आणि मग आठवून खाली घ्यायच्या. संध्याकाळ झाली की खुर्ची पुसून ठेवायच्या. दर खेपेला तेच. वास, ओली कॉलर, "चहा टाक ना. गोड." आणि दर खेपेला चहा टाकायला उठायचं तर पाय लटके पडायचे. एकदा चुलीपर्यंत पोचल्या आणि तिथेच बसल्या. हा कसला छळ म्हणायचा? मागणारा दारात, देणारी तयार, आणि मध्ये चार पावलांची वाट सरत नाही.

हे कुणाला सांगायची सोय नव्हती. मीनलला कळलं असतं तर उचलून बदलापूरला नेलं असतं. चौथ्या मजल्यावर. तिथे दिनानाथांना वाट कोण दाखवणार?

कळलं ते तानीमुळे. तानी बारवी धरणाकडच्या वाडीतली, घरकामाला यायची. एका संकष्टीला ती रानातली भाजी द्यायला म्हणून अवेळी आली, तर वृंदाबाई खाली जमिनीवर, अंगावरचं लुगडं घामानं चिंब, खुर्चीकडे बघून अडखळत काहीतरी बोलताहेत. तानी घाबरली खरी, पण पळाली नाही. त्यांच्या वाडीत दमून आलेल्या माणसाला गूळ-पाणी देतात, तिनं तेच केलं. गुळाचा खडा पाण्यात कालवला, वृंदाबाईंचं डोकं मांडीवर घेतलं आणि घोट घोट पाजलं. जरा वेळानं डोळे निवळले. वृंदाबाईंनी आधी खुर्चीकडे बघितलं, मग तानीकडे.

"कुणी सांगितलं होतं तुला मध्ये पडायला? गेले ना ते!"

"कोन? बाबा व्हते काय?" तानीनं असं विचारलं, की जणू बाबा बाजारात गेले होते.

वृंदाबाईंचा बांध फुटला. वर्षभर कोंडलेलं सगळं त्या बाईच्या मांडीवर बाहेर आलं. तानी ऐकत राहिली.

"आमच्यात पन गेल्याला पान वाढत्यात," ती म्हणाली. "उपाशी मानूस वाट सोडीत नाय. चहा मागतात ना? मंग द्या की एकदा, आन् सोडवा त्यांना. पन बाय, तुमचा अंग बरफासारखा गार झालता. ह्या मी मीनलताईंना सांगनार. रागवा नायतर मारा."

आणि सांगितलं तिनं.

मीनल दुसऱ्याच दिवशी रजा टाकून आली. ओरडली नाही, हेच वाईट. तिनं घरातलं सगळं औषध एका पिशवीत भरलं, खोकल्याच्या बाटलीपासून बामापर्यंत. बिस्किटाचा डबाही भरला. वृंदाबाईंचं लक्ष होतं तिच्यावर. तिची पाठ वळल्यावर त्यांनी डब्यातली एक पट्टी काढली आणि फोटोच्या मागे सरकवली.

डॉक्टर हासानंदांनी डबा उघडला आणि पट्ट्यांवरची नावं वाचली. मग एक पट्टी जोडगोळीच्या पट्टीशेजारी टेबलावर ठेवली.

"अम्मा, ये किसकी है?"

"ह्यांची."

"और खाता कौन है?"

मीनलनं तोंडावर हात धरला.

"देखो." म्हातारा चिडला नव्हता. "मी सांगितलं होतं ना, आत दोन दवा आहेत? त्यातली एक हीच आहे. हीच! म्हणजे तुम्ही एक दवा डबल खाता, आणि वरून उपास. ही दवा साखर खाली ढकलते. पोटात अन्न असेल तर ठीक. नसेल तर ती ढकलतच राहते. दुसऱ्याची गोळी, मग तो नवरा असो नाहीतर देव असो, आपण खायची नाही. आणि विचारलं की सगळं सांगायचं. आपली, परायी, वैद्याची, सगळी. उपास करायचा असला तर आधी मला विचारायचं, मी गोळीचं बघतो. अपने मन से काही करायचं नाही, गोळी बंदसुद्धा नाही करायची."

"पण मला तसं काही..."

"होत नाही? मी सांगू काय होतं? हात कापतो. घाम येतो, थंडीतसुद्धा कपडा भिजतो. आदमी चिडतो, ज्यानं कधी शिवी दिली नाही तो ओरडतो. आणि मिठा मागतो. अंदर से मागतो, शरीर मागतं. त्या वेळी साखर द्यायची. डायबिटीस आहे म्हणून घाबरायचं नाही, त्या वेळी साखर हीच दवा. चहात घाला, पाण्यात घाला, गूळ द्या. बरं वाटलं की वरून भात-पोळी खायची, नाहीतर पुन्हा उतरते. नाही दिली तर डोकं फिरतं, नसलेली माणसं दिसतात, बेहोशी..."

खाली मशिनी घरघरत होत्या. थंडीत भिजलेला शर्ट. दांडीवर थरथरणारे हात. इस्टेट नाही मागत.

"डॉक्टर," त्यांनी विचारलं, आणि आवाज इतका बारीक आला की मीनलला पुढे वाकावं लागलं, "ह्यात माणूस जातो?"

डॉक्टरांनी चष्मा काढला. "जाऊ शकतो, अम्मा. म्हणून तर बोलतोय."

"पण हार्टनं गेला की ह्यानं गेला, ते मागाहून कळतं?"

"किसका पूछ रही हो?"

"कुणाचं नाही," वृंदाबाई म्हणाल्या.

त्या दिवसापासून त्यांच्यावर जे आलं ते भुतापेक्षा वाईट. भूत निदान येतं आणि जातं. हे चोवीस तास मानगुटीवर. लहर नव्हती ती. लाड नव्हते. तो माणूस औषध मागत होता आणि आपण परडी घेऊन दुर्वा खुडत बसलो. सावकाश. मुद्दाम! कदाचित हार्टही असेल. असेलही. पण कदाचितवर झोप लागते का कुणाला? कावळ्यानं पिंड शिवला म्हणे, इच्छा नव्हती म्हणे. कावळ्याला काय कळतंय!

मीनल रोज फोन करायची, शेजाऱ्यांकडे. तानीचा पहारा होता. जोडगोळी नाश्त्याबरोबर, दुसरं काही नाही. हात कापायचे थांबले, चेहऱ्यावर तकाकी आली. सगळे म्हणाले, बघा कशा सुधारल्या. वृंदाबाईंच्या मनात एकच. एकदा, फक्त एकदा ते यायला हवेत. चहा द्यायचा आहे. आणि ते कसे येतात, ते आता त्यांना पक्कं माहीत होतं.

पुढची संकष्टी आली. मीनल येते म्हणाली तर तिला सांगितलं, उपास सोडलाय, तू कशाला रजा घालवतेस. तानीला संध्याकाळची सुट्टी दिली. सकाळी फोटोमागची पट्टी काढली. एका तळहातावर दोन गोळ्या. विषाची परीक्षा आहे हे त्यांना कळत होतं. न कळायला त्या काही खुळ्या नव्हत्या. "अहो, गोळी," म्हणाल्या आणि गिळल्या. दिवसभर पाण्याखेरीज काही घेतलं नाही.

ह्या वेळी मात्र शहाणपण केलं. पाय लटके पडतात हे ठाऊक होतं, म्हणून दुपार कलतानाच चहा करून ठेवला. फडताळावरचा साखरेचा डबा स्टुलावर चढून खाली काढला, मुंग्या झटकल्या, आणि हाताला येईल तशी साखर घातली, मोजली नाही. चहा थर्मासमध्ये ओतला. खुर्चीपुढे छोटं टेबल, टेबलावर कपबशी. दाराला आतून कडी. आणि टेबलाच्या दुसऱ्या बाजूला जमिनीवर टेकून बसल्या.

उजेड गेला. अनंताचा वास येत होता, तो हळूहळू मागे पडला आणि गंधकाचा आला. घाम सुटला. बोटांतून मुंग्या आल्या. खुर्ची कुरकुरली.

"वृंदा. चहा टाक ना. गोड."

"टाकलाय हो," वृंदाबाई म्हणाल्या. जीभ जड झाली होती. "टाकलाय. साखर घातलीय."

थर्मासचं झाकण फिरेना. दातांनी धरून फिरवलं. अर्धा चहा टेबलावर सांडला, पण कप भरला. दोन्ही हातांनी तो पुढे ढकलला. "घ्या. घ्या ना हो. चुकलं माझं. घ्या एकदा."

दिनानाथांनी कपाला हात लावला नाही. बशीकडे बघत राहिले. आधी बशी तुझी, असं ते म्हणाले की वृंदाबाईंना नुसतं आठवलं, कोण सांगणार? त्यांनी थरथरत बशी भरली आणि प्यायली. मग दुसरी भरली. गोड मिट्ट चहा, वर्षांमागून वर्षं जिभेला न लागलेला. तिसरी ओतता ओतता त्यांनी वर बघितलं तर शर्टाची कड पुसट झाली होती. खुर्चीच्या पाठीचा वेत त्यातून दिसत होता.

त्यांना लख्ख कळलं. घोट जातोय तसे हे जाताहेत. कप खाली ठेवला तर राहतील. नुसता खाली ठेवायचा. कडी आतून आहे, कुणी यायचं नाही. जरा वेळानं दोघं बरोबरच निघतील, आणि मागे राहिलेल्या बाईचं असं राहिलंय तरी काय?

त्यांनी कप खाली ठेवला.

आणि नवऱ्याच्या तोंडाकडे बघितलं. इतक्या खेपा आले, पण त्यांनी कधी नीट बघितलंच नव्हतं, लाजेनं. कपाळावर घाम होता. डोळे वृंदाबाईंकडे नव्हतेच. ते कपावर लागले होते, ताटावर बसलेल्या भुकेल्या लेकरासारखे. सुटलेल्या माणसाचे डोळे नव्हते ते. त्या माणसाला जगायचं होतं. त्या संध्याकाळी त्याला जगायचं होतं, आणि तेवढंच तो मागत होता, एका चहाच्या नावानं.

"अहो," वृंदाबाई हुंदका देत म्हणाल्या, "मी पिते. तुमचा म्हणून पिते."

आणि नवऱ्यापुढे कधी केलं नव्हतं ते केलं. कप उचलला, तोंडाला लावला आणि तळाची साखर जिभेवर येईपर्यंत प्यायला. थर्मासमधला उरलेलाही प्यायला. डोळे मिटून. मिटलेच ठेवले बराच वेळ, कारण उघडले की काय दिसणार ते माहीत होतं.

दारावर थापा पडत होत्या. तानी. सुट्टी दिली तरी आली होती, तिला कुठलं चैन पडतंय. वृंदाबाई भिंत धरून उठल्या आणि कडी काढली.

"भात टाक तानी," त्या म्हणाल्या. "भूक लागलीय."

चंद्र अजून उगवायचा होता.

पुढे त्यांनी संकष्टीचं रीतसर उद्यापन केलं, मोदक केले, तानीला आणि मीनलला वाढले. उरलेली पट्टी स्वतः नेऊन डॉक्टर हासानंदांच्या टेबलावर ठेवली. त्यांनी ती खणात टाकली. जोडगोळी पुढे पुष्कळ वर्षं चालली, नाश्त्याबरोबर, वेळच्या वेळी. चहाचं त्यांनी मीनलला सांगितलं, एकदाच, आणि त्या दिवशी मायलेकी खूप रडल्या. फणशांच्या घरात आलेल्या कुणालाही, कितीही पथ्य असो, "साखर चालेल ना?" असं विचारायची आणि तो हो म्हणाला की गुमान घालायची, ही रीत तेव्हापासून.

दिनानाथ पुन्हा आले नाहीत. एकदाही नाही. पण दर संकष्टीला वृंदाबाई खुर्ची पुसून ठेवत आणि दिवेलागणीला दार उघडं टाकून तिच्यासमोर बसून राहत, पोटभर जेवून.